रंगाची उलटतपासणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८१च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. सव्विसाव्या मिनिटाला माईक बंद होईल असंही प्रेमानं सांगितलं आहे. मागून मसालेभाताचा वास येतोय, त्यामुळे मला घाई आहे आणि तुम्हाला माझ्याहून जास्त आहे, हे मी गृहीत धरलंय.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ शास्त्रज्ञ' छापलंय. ज्येष्ठ खरं, वयानं. बाकी मी आयुष्यभर यंत्रावर बसणारी बाई. जुनी चित्रं, जुनी कापडं, जुनी हस्तलिखितं समोर यायची आणि त्यांतले रंग कशाचे आहेत ते सांगायचं, एवढंच काम. त्याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. मराठीत वर्णपटशास्त्र. दोन्ही शब्द ऐकले की माणसं जांभया देतात, म्हणून मी आपल्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करते. वरच्या मजल्यावरची ती खोली, जिच्या खिडकीला एक काच कायम फुटलेली असायची.

नववीत बाईंनी बुन्सेन बर्नरवर एक तार धरली होती. बाई इथे पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांना आठवतंय की नाही माहीत नाही. तार मिठात बुडवून ज्योतीत धरली, ज्योत पिवळीधमक झाली. मग मोरचूद, तर हिरवी. मग स्ट्रॉन्शियमचा क्षार, तर लाल. ब तुकडीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि शिक्षा म्हणून उभे राहिले. बाई तेव्हा म्हणाल्या, की ज्योत खोटं बोलत नाही, सोडियम असेल तर पिवळंच दिसणार. माझी पुढची अडतीस वर्षं याच एका वाक्यावर गेली. आपण तेव्हा जे केलं त्याचं नाव स्पेक्ट्रोस्कोपी आहे हे मला बीएस्सीला कळलं.

दुसरी शाळा म्हणजे आपली एमआयडीसी. माझे बाबा डाय कंपनीत होते. तुमच्यापैकी अर्ध्यांचे तरी वडील, काका, मामा कुठल्या ना कुठल्या केमिकल कंपनीत होतेच. बाबांच्या नखांच्या कडा आठवडाभर निळ्या तरी असायच्या, नाहीतर शेंदरी. रविवारी अभ्यंगस्नान केल्यासारखी आंघोळ करून आले तरी टॉवेलवर रंग उतरायचा. आई चिडायची. मागच्या नाल्याचं पाणी ज्या रंगाचं, त्यावरून आम्ही पोरं कंपनीत आज कोणती बॅच निघाली ते ओळखायचो, आणि त्यात आम्हाला काही वावगंही वाटायचं नाही. पुढे २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला, फोटो देशभर फिरले आणि बाहेरचे लोक हसले. मला हसू आलं नाही. आपण सगळे त्या रंगावर वाढलो, फिया त्यातून भरल्या, आणि त्याच रंगाची किंमत कुणाकुणाच्या फुप्फुसांनी भरली, हेही आपल्याला ठाऊक आहे. माझ्या बाबांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

बीएस्सी झाल्यावर मीही एका डाय कंपनीच्या लॅबमध्ये लागले. काम सोपं. तयार झालेल्या रंगाची मूळ नमुन्याशी तुलना करायची. तिथे पहिल्यांदा कळलं की डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन लाल रंग यंत्राला सारखे दिसत नाहीत.

ते का, हे दोन मिनिटांत सांगते. पांढरा उजेड कापडावर पडतो. रंगाचा रेणू त्यातल्या काही तरंगलांबी खातो, उरलेल्या परत पाठवतो. उरलेलं जे परत येतं ते आपल्याला रंग म्हणून दिसतं. म्हणजे आपण बघतो ते उष्टं. आपला डोळा या उष्ट्याची ढोबळ बेरीज करतो, लाल म्हणतो आणि मोकळा होतो. यंत्र बेरीज करत नाही, नेमकं काय आणि किती खाल्लं ते तरंगलांबीगणिक लिहून काढतं. लाखेचा लाल आणि मंजिष्ठेचा लाल शेजारी ठेवा, मी तर फसेनच. पण परावर्तित प्रकाशाच्या आलेखात कीटकापासून निघालेला लाल साधारण ५२५ आणि ५६५ नॅनोमीटरपाशी दोन खाचा दाखवतो. वनस्पतीच्या मुळापासूनचा लाल त्याच खाचा थोड्या अलीकडे, ५१० आणि ५४०च्या आसपास दाखवतो. तेवढ्यावरून किडा की मूळ हे कळतं, आणि कापडाला हातही लावावा लागत नाही.

मंजिष्ठेचं एक कौतुक सांगायलाच हवं. युरोपात जी मंजिष्ठा होते तिच्या मुळात ॲलिझरिन नावाचं द्रव्य भरपूर. आपल्या मंजिष्ठेत ते नगण्य, आणि परप्युरिन व मंजिस्टिन जास्त. हे मंजिस्टिन नाव कुठून आलं? आपल्या मंजिष्ठेवरून. जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या आजीच्या उटण्यातला शब्द बसलाय आणि आपल्याला पत्ता नाही.

आता रंग कापडाला धरतो कसा? रंग म्हणजे कापडावर चढवलेला लेप, असा आपला समज असतो. तसं असतं तर पहिल्या धुण्यात गेला असता. हळदीचा तसाच जातो बघा, उन्हात तर हटकून. मंजिष्ठेचा रेणू एकटा सुती धाग्याला धरत नाही. म्हणून आपले रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे आणि मग तुरटीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हातानं धागा धरतं आणि दुसऱ्या हातानं रंगाचा रेणू. लग्नात मध्यस्थ असतो ना, तसं. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी वापरलं तर त्याच मुळाचा लाल सोडून जांभळट काळा येतो. रेणू तोच, मध्यस्थ बदलला. निळीचं तर वेगळंच नाटक. ती पाण्यात विरघळतच नाही. तिला पिंपात आंबवून, तिचा प्राणवायू काढून घेऊन पिवळट करायची. मग कापड बुडवायचं. बाहेर काढलं की हवा लागते आणि डोळ्यांदेखत पिवळं, हिरवं, निळं होतं. हे हजारो वर्षं चाललं, आणि करणाऱ्यांना ॲल्युमिनियम हा शब्दही माहीत नव्हता.

जुन्या रंगाच्या तपासणीची आपल्याकडची एक सुंदर गोष्ट आपल्याच लोकलच्या वाटेवर घडली आहे. माटुंग्याला १९२४ साली कापसाची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, आज तिला सिरकॉट म्हणतात. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला होता, तो तपासायला तिथे आला. टर्नर आणि गुलाटी या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली धागे बघून सांगितलं की हा खराखुरा कापूस आहे. त्या कापडावर मंजिष्ठेच्या जातीचा लाल होता, असंही नोंदलं गेलं. कापूस इतकी हजार वर्षं टिकतो कसा? चांदीच्या क्षारांनी त्याला कुजू दिलं नाही म्हणून. ही चांदी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

कारण आता रामन येतात. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, शाळेत आपण तक्ते लावायचो. १९२८ साली त्या दिवशी कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जे दाखवलं ते असं, की रेणूवर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. थोडा म्हणजे किती? साधारण कोटीत एक कण. पण तो एक कण रेणूच्या थरथरण्याची खबर घेऊन येतो, आणि प्रत्येक रेणूची थरथर वेगळी. हा झाला रेणूच्या अंगठ्याचा ठसा. १९३० साली त्याबद्दल नोबेल मिळालं. दगडांचे रंग यानं झटपट ओळखता येतात. हिंगूळ, शेंदूर, हरताळ, लाजवर्द, सगळे.

पण मंजिष्ठा, लाख असले रंग लेसर पडला की स्वतःच चमकायला लागतात, आणि त्या झगमगाटात रामनचा कोटीतला एक कण बुडून जातो. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे कुणी तुम्हाला कानात काही सांगावं, तसं. यावर उपाय निघाला १९७०च्या दशकात. १९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लाइशमन यांना खरबरीत केलेल्या चांदीवर बसलेल्या रेणूचे संकेत अनपेक्षितपणे ठळक दिसले. १९७७ साली अमेरिकेत व्हॅन डाइन यांनी दाखवलं, की चांदी तो संकेत लाखो पटींनी वाढवते. शिवाय ती त्या रेणूची चमक विझवतेही. मग म्युझियमवाल्यांनी ते उचललं. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी करायचं, त्यात डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा धाग्याचा कण टाकायचा आणि लेसर लावायचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मार्को लिओना यांनी २००९ साली याच पद्धतीनं चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन चामड्यावर मंजिष्ठेचा रंग ओळखला. मोहेंजोदडोत कापूस चांदीनं जपला, आणि आज त्यातला रंग वाचायलाही चांदीच लागते. मला या योगायोगाची गंमत वाटत आली आहे. त्यात अर्थ काही नाही, नुसती गंमत.

आपल्या महाराष्ट्रात यातलं सगळ्यात मोठं पुस्तक म्हणजे अजिंठा. तिथले बहुतेक रंग स्थानिक माती-दगडाचे. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. हिरवा तर आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या हिरव्या मातीचा. एक निळा मात्र परका, लाजवर्दाचा, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. म्हणजे पाचव्या शतकात वाघूर नदीच्या त्या दरीत बदख्शानचा दगड पोचत होता. चित्रांवर १९२०च्या दशकात निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं, म्हणजे शेलॅकचं रोगण चढवलं. हेतू चांगलाच होता. पण ते रोगण पुढे पिवळं पडलं आणि धूळ धरून बसलं. ते काढताना खाली चित्रकाराचा रंग कुठे संपतो आणि नंतरच्यांचं रोगण कुठे सुरू होतं हे सांगायला अवरक्त वर्णपटासारखी साधनं लागतात. वेरूळच्या गिलाव्याची तर बातमीच झाली होती. २०१६ साली औरंगाबादच्या संशोधकांनी दाखवलं की त्या मातीत भांगेच्या जातीच्या झाडाचे तंतू मिसळलेत, आणि त्यामुळे किडीपासून तो गिलावा वाचला. अजिंठ्यात तसे तंतू नव्हते, तिथे कीड लागली. पेपरवाल्यांनी फक्त 'भांग' एवढाच शब्द उचलला, तो भाग सोडा.

लाखेबद्दल अजून एक. जो किडा शेलॅक देतो तोच तांबडा रंगही देतो. त्या रंगातल्या लॅकाइक आम्लाची रचना १९६०च्या दशकात उलगडली ती पुण्याच्या एनसीएलमध्ये, प्रा. के. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. हे तेच वेंकटरामन, जे आधी माटुंग्याच्या यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालक होते. आपल्या एमआयडीसीतले कितीतरी केमिस्ट यूडीसीटीतून शिकून आले. एक धागा ओढला की सगळी सेंट्रल लाइन हलते.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे इथे उभं राहायला हो म्हटलं, ते सांगते. सांगायची परवानगी घेतली आहे.

२०१७ साली आपल्याच तुकडीतली एक मैत्रीण माझ्याकडे एक पैठणी घेऊन आली. तिच्या सासरची. जांभळी, लाल काठाची, पदरावर मोर. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं की ही पेशवाईतली, कुणा सरदाराच्या घरून आलेली. तिचे दिवस तेव्हा वाईट होते. नवऱ्याचं आजारपण, मुलीचं शेवटचं वर्ष. एका व्यापाऱ्यानं मोठी रक्कम कबूल केली होती, अट एकच, की जुनेपणाचा शास्त्रीय अहवाल हवा. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून मला घोर नाही."

माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला. त्याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका लघुचित्रावर, कुठल्या ते विचारू नका, लेसर जास्त जोरात लावला होता. शेंदराचा भाग होता. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, त्याला उष्णता सोसत नाही. बघता बघता तिथे काळा ठिपका पडला. टाचणीच्या टोकाएवढा. कुणी पाहिलं नव्हतं. तीनशे वर्षं टिकलेल्या चित्रावर माझ्या हातून तीन सेकंदांत. मी तासभर तशीच बसून राहिले, मग जाऊन साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. नोंदवहीत लिहायला लावलं, तारीख, वेळ, लेसरची शक्ती, सही. म्हणाले, पन्नास वर्षांनी कुणाला हा ठिपका दिसला तर त्याला चित्रकाराचा वाटता कामा नये. तेव्हापासून मी सगळ्यात कमी शक्तीपासून सुरुवात करते आणि पहिली मोजणी करताना श्वास रोखून धरते.

पैठणी तीन दिवस तपासली. जर आधी घेतली. क्ष-किरण टाकले की मूलद्रव्यं कळतात. चांदी, वर सोनं, थोडं तांबं. अस्सल जर. मग काठाचा लाल. ५२५ आणि ५६५ला खाचा. पदराच्या आतल्या बाजूला सुटलेला एक तंतू होता, त्यातला कणभर चांदीच्या पाण्यात टाकून पाहिला. लाख. मी खूश झाले. आता जांभळा. जुन्या पद्धतीत जांभळा हवा तर निळीवर लाल चढवायचा, म्हणजे मला निळीचा ठसा दिसायला हवा होता.

निळीचा काही पत्ता नव्हता. पडद्यावर १६२०, ११७५ आणि ९१५पाशी उभी शिखरं, इतकी स्वच्छ की क्षणभर वाटलं मीच काही सांडलं. कारण हा ठसा ओळखायला मला पुस्तक लागत नाही. यंत्र नीट चालतं की नाही हे बघायला या पद्धतीचे लोक जो रंग वापरतात, त्याच कुळातला हा रंग. मिथिल व्हायोलेट. तुम्ही सगळे त्याला ओळखता. लहानपणी तोंड आलं की जिभेला लावायचा तो जांभळा, जेन्शन व्हायोलेट, तो याच घरातला. १८५६ साली अठरा वर्षांच्या पर्किननं लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा काढला, आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १८६१ साली, पॅरिसमध्ये हा निघाला. त्याआधी हा रेणू कुणी बनवलेलाच नव्हता. पेशवाई १८१८ला संपली. हिशेब तुम्ही करा.

मी पुन्हा मोजलं. तीन वेगळ्या जागी. मागून रंगवली असेल म्हणून काठाखालच्या, उजेड न पोचलेल्या घडीतही बघितलं. तिथेही तेच, उलट जास्त गडद.

फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे खोटी?" मी म्हटलं, खोटी नाही गं, पेशवाईतली नाही एवढंच. ती म्हणाली, "त्याला तेवढंच हवंय." आणि मग हळूच, "जांभळ्याचं सांगता येत नाही, असं लिहिशील का? खोटं नको लिहूस. सांगता येत नाही, एवढंच."

मित्रांनो, शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. माझी गणिताची वही तिनं किती वेळा पूर्ण केली असेल. तिच्या मुलीचं एक वर्ष त्या तीन शब्दांवर होतं, आणि ते शब्द लिहिले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. दोन रात्री मी झोपले नाही. पण मला सांगता येत होतं, हीच अडचण होती. मी अहवालात मिथिल व्हायोलेट लिहिलं. तिनं तो घेतला, पैसे विचारले, मी नको म्हटलं, आणि नंतर दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मी बरोबर केलं असं मी आजही छातीठोकपणे सांगत नाही. पैशांची दुसरी सोय मी करू शकले असते, ते मला तेव्हा सुचलं नाही. याची मला अहवालापेक्षा जास्त लाज वाटते. मुलीची फी पुढे तिच्या भावानं भरली.

व्यापाऱ्यानं अहवाल वाचून नवा भाव सांगितला, तो जरीच्या वजनावर. जुन्या पैठण्या जाळून चांदी काढायची पद्धत आपल्याकडे होतीच, कितीतरी घरांतल्या अशाच गेल्या. तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. हे मला दोन वर्षांनी कळलं, तिच्याच तोंडून.

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण अहवालात ते लिहायला जागा नसते. त्या साडीचा काठ लाखेचा आहे आणि अंग कारखान्यातल्या रंगाचं. म्हणजे ज्या विणकराच्या मागावर ती झाली त्याच्यापर्यंत एका बाजूनं जंगलातल्या फांदीवरची लाख येत होती, आणि दुसऱ्या बाजूनं मुंबई बंदरात उतरलेला डब्यातला जांभळा. काठासाठी त्यानं बापजाद्यांचा रंग सोडला नाही. अंगासाठी मात्र नवीन, झगझगीत, पूर्वी कुणी नेसला नसेल असा जांभळा घेतला. ज्या बाईसाठी ती विणली ती त्या वर्षी गावात सगळ्यात नव्या फॅशनची असणार! पेशवाईतल्या साड्या संग्रहालयांत मिळतात. असा अर्धा इकडचा अर्धा तिकडचा नमुना माझ्यापुढे तोवर आला नव्हता.

आपल्याला गोष्टी मागे ढकलायची सवयच आहे. विजयदुर्गाचं बघा. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की लॉकियर साहेबानं १८६८ला इथून हेलियमचा शोध लावला. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होता, सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्यानं तिथून पाहिली. विजयदुर्गला तो आला १८९८च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तीस वर्षांनी. ते ओटे खरे, साहेब खरा, वर्णपटही खरा. साल तेवढं घसरलं.

आता पाच मिनिटं उरलीत आणि मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे.

जुना कृत्रिम रंग ओळखायचा तर यंत्राजवळ तुलनेसाठी नमुना लागतो, कुणी बनवला आणि कधी बनवला हे माहीत असलेला. असे नमुने कुठे असतात? कंपन्यांच्या शेड कार्डांत. रंगवलेल्या सुताच्या लहान लहान लडी, खाली नाव, नंबर, साल. आपल्या एमआयडीसीतल्या कंपन्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत अशी शेकडो कार्डं काढली असतील. बऱ्याच कंपन्या आता नाहीत. बाबा गेल्यावर माळ्यावरून मला सहा कार्डं मिळाली, आणि त्यांतली दोन आज कामात येतात, गिरणीच्या जुन्या छापील साड्या तपासायला. शंभर वर्षांनी कुणी मुलगी १९७०ची साडी घेऊन बसेल, तेव्हा तिला डोंबिवलीचा ठसा लागणार आहे. म्हणून घरी गेल्यावर माळा बघा. वडिलांची ट्रंक बघा. शेड कार्ड, जुन्या डायच्या बाटल्या, लॅबच्या वह्या, काही सापडलं तर रद्दीवाल्याला देऊ नका. बाटल्या उघडूही नका, त्यांतल्या काही विषारी आहेत. शाळेच्या कार्यालयात निरोप ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.

आणि घरात जरीच्या जुन्या साड्या असतील तर डांबराच्या गोळ्या थेट त्यांवर टाकू नका. धुतलेल्या, कोऱ्या मलमलीत गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर घडीवर रेशीम तुटतं. काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली तर अजिबात ठेवू नका. मिथिल व्हायोलेट उजेडात फार लवकर उडतं. आमच्या त्या पैठणीची वरची घडी आतल्या घडीपेक्षा फिकी झालीच आहे.

ती पैठणी आज इथे आहे. तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी खुर्ची. नाव मी घेणार नाही, पण ती उभी राहिली तर तुम्ही टाळ्या वाजवा, ब तुकडीला आज शिक्षा नाही. आणि जेवताना तिच्या शेजारी बसणाऱ्यांनी कृपा करून आमटीची वाटी दुसऱ्या हाताला ठेवावी. हळदीचा डाग मी ओळखू शकते, काढू शकत नाही.